जॉर्डनच्या सहा विजेतेपदांत प्रशिक्षकाचा वाटा किती?

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी एकाच मुद्द्याभोवती फिरणारे पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. थोर खेळाडू विजेतेपद मिळवतो तेव्हा त्यात प्रशिक्षकाचे कर्तृत्व कितपत असते, असा तो मुद्दा आहे.

प्रश्न : मायकेल जॉर्डनसारखा खेळाडू संघात असताना प्रशिक्षक कोण आहे याने काय फरक पडतो? शिकागो बुल्सच्या सहा विजेतेपदांचे श्रेय फिल जॅक्सन यांना देणे हा जॉर्डनवर अन्याय नव्हे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जॉर्डन नसता तर त्या सहापैकी एकही विजेतेपद बुल्सच्या वाट्याला आले नसते, हे आधीच मान्य करतो. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने निवृत्ती पत्करली तेव्हा जॅक्सन तेच होते, खेळण्याची पद्धत तीच होती, स्कॉटी पिपेन ऐन भरात होता, आणि तरीही पुढच्या हंगामात बुल्स दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सकडून सात सामन्यांच्या मालिकेत हरले. मात्र त्याच हंगामाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. जॉर्डन असताना ८२ साखळी सामन्यांपैकी ५७ जिंकणाऱ्या या संघाने जगातला सर्वोत्तम खेळाडू गमावल्यावरही ५५ सामने जिंकले. सगळा भार एकाच खेळाडूवर टाकलेला संघ तो खेळाडू गेल्यावर इतका सावरलेला राहत नाही. तेव्हा त्या संघाची जी घडण झाली होती, ती कोणी आणि कशी केली हे पाहणे भाग आहे.

प्रशिक्षकाचा वाटा मोजायचा तर त्याच्या नावावरील विजेतेपदांची नुसती बेरीज फारशी उपयोगाची नाही. नामवंत प्रशिक्षकाकडे मुळातच चांगले संघ चालून येतात, आणि मग संघामुळे प्रशिक्षक मोठा झाला की प्रशिक्षकामुळे संघ, हे सांगता येत नाही. त्यापेक्षा खेळाडू तोच, सोबतीही बहुतांशी तेच आणि बदलला तो केवळ प्रशिक्षक, अशी उदाहरणे तपासावीत. या दृष्टीने जॉर्डनची कारकीर्द फार बोलकी आहे.

जॉर्डन १९८४ मध्ये बुल्समध्ये आला आणि पहिल्या पाच वर्षांत केव्हिन लाउरी, स्टॅन अल्बेक आणि डग कॉलिन्स अशा तीन प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. गुणांच्या बाबतीत या वर्षांत त्याने काहीही बाकी ठेवले नाही. २० एप्रिल १९८६ रोजी बोस्टनमध्ये सेल्टिक्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ६३ गुण मिळवले. बुल्स तो सामना हरले आणि मालिकेतील इतर दोन्ही सामनेही हरले. १९८६-८७ मध्ये त्याची सरासरी ३७.१ गुणांची होती, तरी सेल्टिक्सने पुन्हा तीन सरळ सामन्यांत बुल्सला घरी पाठवले. पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सर्वोत्तम बचावपटूही ठरला, आणि डेट्रॉइट पिस्टन्सने त्याच्या संघाला पाच सामन्यांत गारद केले. १९८९ च्या वसंतात कॉलिन्स यांनी त्याला पॉइंट गार्डच्या जागी खेळवले, म्हणजे चेंडू जवळजवळ पूर्णवेळ त्याच्याच हातात ठेवला. त्या काळात सलग सात सामन्यांत त्याने गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) या तिन्हींत दोन अंकी मजल मारली. पिस्टन्सशी गाठ पडल्यावर निकाल मात्र तोच लागला.

पिस्टन्सचे प्रशिक्षक चक डेली यांचा उल्लेख येथे करायलाच हवा, कारण प्रशिक्षणाचा परिणाम समोरच्या बाजूनेही होत असतो आणि हे बहुधा विसरले जाते. जॉर्डनला डावीकडे वळवायचे, तो आत घुसला की दोघा-तिघांनी त्याला घेरायचे, आणि बास्केटपाशी उडी घेतलीच तर अंगाचा मार सोसावा लागेल असा बंदोबस्त ठेवायचा, अशी नियमावलीच डेली आणि त्यांच्या सहायकांनी तयार केली होती. चेंडू एकाच खेळाडूच्या हातात जितका अधिक राहील तितकी ती सोपी पडत असे. जॉर्डनचे कौशल्य वाढून या कोंडीतून सुटका होणार नव्हती. चेंडूचा मार्गच बदलायला हवा होता.

१९८९ मध्ये कॉलिन्स यांच्या जागी आलेले जॅक्सन यांनी तो बदलला, आणि त्यासाठी आधार घेतला तो साठी उलटलेल्या टेक्स विंटर या सहायक प्रशिक्षकाचा. विंटर यांची त्रिकोणी आक्रमणाची पद्धत त्यांनी १९४० च्या दशकात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात सॅम बॅरी यांच्याकडून उचललेली होती. मैदानाच्या एका बाजूला तीन खेळाडू त्रिकोणात उभे राहतात: एक बास्केटजवळ पाठ करून, एक कडेला, एक कोपऱ्यात. उरलेले दोघे दुसऱ्या बाजूला असतात. पुढचा पास कोणाला जाईल हे आधी ठरलेले नसते. बचावपटू जिकडे सरकेल त्याच्या विरुद्ध बाजूची वाट धरायची, एवढेच ठरलेले असते. त्यामुळे जॉर्डनला दोघांनी घेरले की मोकळा राहिलेला सहकारी कोठे असणार, हे सर्वांना ठाऊक असते. जॉर्डनला ही पद्धत सुरुवातीला मुळीच पसंत नव्हती. आपल्यापेक्षा कमी कुवतीच्या हातांत निर्णायक क्षणी चेंडू का द्यावा, हा त्याचा आक्षेप होता आणि तो समजण्यासारखा होता.

पहिल्या वर्षी जॅक्सन यांच्याही पदरी अपयशच आले. १९९० मध्ये पिस्टन्सने सातव्या सामन्यात बुल्सला हरवले. दुसऱ्या वर्षी बुल्सने ६१ साखळी सामने जिंकले, पिस्टन्सचा चार सरळ सामन्यांत पराभव केला आणि अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सवर ४-१ अशी मात केली. या बदलासाठी जॉर्डनला किती किंमत मोजावी लागली हे पाहिले तर आश्चर्य वाटते. त्याची सरासरी ३३.६ वरून ३१.५ वर आली, आणि तरीही लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते.

त्या अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यातला, १२ जून १९९१ चा, एक टाइमआऊट पुष्कळांनी वर्णन केला आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये सामना अटीतटीचा होता आणि जॉर्डन घेरला जात असूनही स्वतःच वाट काढू पाहत होता. जॅक्सन यांनी फळ्यावर काही न मांडता त्याला एवढेच विचारले की मोकळा कोण आहे. उत्तर जॉन पॅक्सन असे होते. पुढे चेंडू पॅक्सनकडे जाऊ लागला आणि शेवटच्या चार मिनिटांत पॅक्सनने दहा गुण मिळवून विजेतेपद पक्के केले. १९९३ च्या अंतिम फेरीतही फीनिक्सविरुद्ध विजेतेपदाचा शॉट पॅक्सननेच मारला. त्या चौथ्या क्वार्टरमध्ये तोवरचे बुल्सचे नऊच्या नऊ गुण जॉर्डनचे होते. शेवटच्या चालीत मात्र चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे, पिपेनकडून होरेस ग्रँटकडे आणि ग्रँटकडून पॅक्सनकडे गेला.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १९९७ मधील दृश्य. युटा जॅझविरुद्धच्या सहाव्या सामन्यात ८६-८६ अशी बरोबरी असताना टाइमआऊट झाला. बाकावर बसलेल्या जॉर्डनने शेजारच्या स्टीव्ह केरला बजावले की जॉन स्टॉकटन तुला सोडून माझ्या अंगावर येईल, तेव्हा तयार राहा. नेमके तसेच घडले. जॉर्डनने पास दिला, केरने शॉट घातला, आणि बुल्स पाचव्यांदा विजेते झाले. सहा वर्षांपूर्वी प्रशिक्षकाला जो प्रश्न विचारावा लागला होता, त्याचे उत्तर आता खेळाडू आपण होऊन देत होता. प्रशिक्षणाचे काम यापेक्षा स्पष्टपणे मैदानावर क्वचितच दिसते.

म्हणून जॅक्सन यांना श्रेय देण्यात जॉर्डनवर अन्याय आहे असे मला वाटत नाही. प्रतिभा खेळाडूची असते. ती कोठे आणि किती खर्च करावी याविषयी खेळाडूचे मन वळवणे हे प्रशिक्षकाचे काम असते, आणि खेळाडूने संमती दिली नाही तर ते काम होतच नाही. पिपेन आणि ग्रँट यांना १९८७ मध्ये संघात आणणारे, विंटर यांना नेमणारे आणि जॅक्सन यांच्यावर विश्वास टाकणारे व्यवस्थापक जेरी क्राउझ यांचाही वाटा मोठा आहे. तो पुरेसा मान्य केला जात नाही, याची खंत वाटते. दुसरा कोणी प्रशिक्षक असता तर पिपेन आणि ग्रँट यांच्या साथीने जॉर्डनने एखाद-दुसरे विजेतेपद मिळवलेच असते. सहा मिळाली असती, असे मला वाटत नाही.

प्रश्न : विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण मिळवले, एका हंगामात ५०.४ ची सरासरी राखली, तरी त्याची विजेतेपदे दोनच. त्याच काळात बिल रसेलला अकरा मिळाली. यात दोष खेळाडूचा की प्रशिक्षकांचा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : या विषयावर एकच उदाहरण द्यायची मुभा असती तर मी चेंबरलेनचेच दिले असते, कारण तो अनेक प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला आणि त्यांतील प्रत्येकाची छाप निकालावर उमटलेली दिसते.

१९६५-६६ मध्ये डॉल्फ शेज यांच्या फिलाडेल्फिया संघात तो सामन्यामागे ३३.५ गुण मिळवत होता. बोस्टन सेल्टिक्सने त्यांना ४-१ असे हरवले. शेज गेले, अ‍ॅलेक्स हॅनम आले. हॅल ग्रीअर, चेट वॉकर, ल्यूक जॅक्सन आणि बिली कनिंगहॅम हे सोबती तेच राहिले. हॅनम यांनी चेंबरलेनला शॉट कमी करून बास्केटपाशी उभ्या उभ्या सहकाऱ्यांना पास देण्यास राजी केले. सामन्यामागे सुमारे २५ शॉट घेणारा हा खेळाडू १४ वर आला, गुण २४.१ झाले, असिस्ट ५.२ वरून ७.८ वर गेले, आणि घेतलेल्या शॉटपैकी ६८ टक्के बास्केटमध्ये पडू लागले. सलग सात वर्षे लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवण्याचा त्याचा मान त्या वर्षी गेला. संघाने ८१ पैकी ६८ साखळी सामने जिंकले, सलग आठ वर्षे विजेत्या ठरलेल्या सेल्टिक्सला ४-१ असे नमवले आणि विजेतेपद मिळवले.

हा अध्याय येथेच संपला असता तर प्रशिक्षकाचा महिमा गाऊन थांबता आले असते. पण पुढच्याच वर्षी हाच उपाय अंगाशी आला. सेल्टिक्सविरुद्ध फिलाडेल्फिया ३-१ असे पुढे असताना मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, आणि त्या सामन्याच्या उत्तरार्धात चेंबरलेनने अवघे दोन शॉट घेतले. फिलाडेल्फिया १००-९६ असे हरले. कनिंगहॅम जायबंदी असल्यामुळे संघ दुबळा झाला होता हे खरे. परंतु जगातील सर्वांत बलाढ्य सेंटर, म्हणजे बास्केटपाशी खेळणारा उंच खेळाडू, बास्केटसमोर उभा असताना त्याच्याकडे चेंडू पोहोचवायला हवा, हे बाजूला उभ्या असलेल्या हॅनम यांना दिसायला हवे होते. खेळाडूला आवर घालायला शिकवणे जितके प्रशिक्षकाच्या अखत्यारीत आहे, तितकेच तो आवर केव्हा सोडायचा हे सांगणेही.

त्यानंतर चेंबरलेन लेकर्सकडे गेला आणि तेथे बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांच्याशी त्याचे कधीच जमले नाही. ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सेल्टिक्सविरुद्ध अंतिम फेरीचा सातवा सामना चालू होता. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना चेंबरलेनचा गुडघा दुखावला, म्हणून तो बाहेर आला. त्याच्या जागी मेल काउंट्स गेला आणि लेकर्स पिछाडी भरून काढू लागले. थोड्या वेळाने चेंबरलेनने परत आत जाण्याची तयारी दाखवली. प्रशिक्षकांनी ती नाकारली. त्याच्यावाचून आपले ठीक चालले आहे, असा त्यांचा पवित्रा होता. जेरी वेस्टने त्या सामन्यात ४२ गुण मिळवले आणि पराभूत संघात असूनही अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. लेकर्स १०८-१०६ असे हरले. दोन गुणांचे अंतर आणि बाकावर बसलेला चेंबरलेन, एवढे लक्षात घेतले की त्या निर्णयाचे समर्थन मला तरी करता येत नाही. प्रशिक्षकामुळे विजेतेपद मिळते की नाही यावर वाद होऊ शकतो. प्रशिक्षकामुळे ते हातचे जाऊ शकते, याविषयी मला शंका नाही.

दुसरे विजेतेपद त्याला १९७२ मध्ये बिल शार्मन यांच्या हाताखाली मिळाले. शार्मन यांनी सामन्याच्या दिवशी सकाळी सरावाला बोलावण्याची प्रथा आणली आणि उशिरापर्यंत झोपण्याची सवय असलेल्या चेंबरलेनलाही तिला राजी केले. वयाच्या पस्तिशीतल्या या खेळाडूकडून त्यांनी गुणांची अपेक्षा केली नाही. रिबाउंड, बचाव आणि पळत्या गार्डकडे पहिला लांब पास, एवढेच मागितले. त्याची सरासरी १४.८ गुणांवर आली, रिबाउंड १९.२ झाले, आणि लेकर्सने सलग ३३ सामने जिंकण्याचा विक्रम केला, जो आजही अबाधित आहे.

रसेलबद्दल थोडक्यात. त्याच्या अकरापैकी पहिली नऊ विजेतेपदे रेड आउरबॅक यांच्या हाताखाली आली. सुरुवातीपासूनच त्याच्याकडून गुणांऐवजी बचाव आणि रिबाउंड मागितले गेले होते, त्यामुळे चेंबरलेनला जे अर्ध्या कारकिर्दीनंतर उमजले ते रसेलला पहिल्याच दिवशी सांगितले गेले. १९६८ आणि १९६९ मधील शेवटची दोन विजेतेपदे त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत मिळवली. एनबीएमधील पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होण्याचा मानही त्याचाच. वर सांगितलेल्या १९६८ आणि १९६९ च्या दोन्ही सातव्या सामन्यांत पलीकडे प्रशिक्षक म्हणून तोच होता, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते: ज्या दोन सामन्यांत चेंबरलेन आणि त्याचे प्रशिक्षक यांचे सूर जुळले नाहीत, त्याच दोन सामन्यांत सेल्टिक्सकडे ती दोन माणसे एकच होती.

प्रश्न : लेब्रॉन जेम्सने तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांबरोबर चार विजेतेपदे मिळवली. जॅक्सन यांना जॉर्डन, शकील ओनील आणि कोबी ब्रायंट असे आयतेच मिळाले. मग प्रशिक्षक कोणीही चालतो, असेच यावरून सिद्ध होत नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जेम्सचे उदाहरण वजनदार आहे आणि ते टाळता येणार नाही. मायामीत एरिक स्पोल्स्ट्रा, क्लीव्हलँडमध्ये टायरॉन लू आणि लेकर्समध्ये फ्रँक व्होगेल, असे तिघे वेगळ्या घडणीचे प्रशिक्षक होते. जो खेळाडू मैदानावर स्वतःच चाली रचतो, त्याला बाहेरून मिळणाऱ्या मार्गदर्शनाची गरज तुलनेने कमी असते, एवढे मी मान्य करीन. तरी पहिल्या सात वर्षांत त्याला एकही विजेतेपद मिळाले नव्हते आणि मायामीत पहिल्या वर्षी डॅलसविरुद्धच्या अंतिम फेरीत तो चाचपडत राहिला, हेही लक्षात ठेवावे. २०१२ मध्ये ख्रिस बॉशला सेंटरच्या जागी आणून जेम्सभोवती जागा मोकळी करण्याचा निर्णय स्पोल्स्ट्रा यांचा होता. मायामीच्या व्हिडिओ विभागात नोकरीची सुरुवात केलेला हा प्रशिक्षक जेम्स सोडून गेल्यावरही दोनदा अंतिम फेरीत पोहोचला.

जॅक्सन यांच्याविषयीचा आक्षेप अर्धा खरा आहे. ओनील आणि ब्रायंट असतानाही लेकर्स १९९८ मध्ये युटाकडून आणि १९९९ मध्ये सॅन अँटोनियोकडून चार सरळ सामन्यांत हरले होते. जॅक्सन आले आणि पहिल्याच वर्षी ६७ साखळी विजयांसह विजेतेपद मिळाले, मग आणखी दोन सलग. आयते मिळालेले खेळाडू त्याआधी दुसऱ्यांनाही मिळालेच होते. उलट २००४ च्या अंतिम फेरीत ओनील, ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशी नामावली घेऊन उतरलेल्या जॅक्सन यांना लॅरी ब्राउन यांच्या डेट्रॉइटने ४-१ असे हरवले, आणि त्या डेट्रॉइटमध्ये या चौघांच्या तोडीचे नाव नव्हते.

आक्षेपाचा खरा भाग त्यानंतरच्या वर्षांत दिसतो. ओनील गेल्यावर २००५ मध्ये जॅक्सन लेकर्सकडे परतले. ब्रायंट त्या हंगामात ३५.४ च्या सरासरीने खेळत होता, टोरंटोविरुद्ध त्याने ८१ गुण मिळवले. पण सोबतीला बेताचे खेळाडू असल्यामुळे २००६ आणि २००७ मध्ये लेकर्स पहिल्याच फेरीत फीनिक्सकडून बाद झाले. थोर खेळाडू होता, थोर प्रशिक्षक होता, पद्धतही तीच होती. फेब्रुवारी २००८ मध्ये पाऊ गसोल आला, आणि २००९ व २०१० ची विजेतेपदे मिळाली. संघात एक किमान पातळीचे बळ असल्यावाचून प्रशिक्षकाचे कौशल्य दिसूनच येत नाही, असा माझा निष्कर्ष आहे. ते बळ असेल तर मात्र उपांत्य फेरी आणि विजेतेपद यांतील अंतर बहुधा तोच भरून काढतो.

प्रश्न : सामना सुरू झाल्यावर खेळ तर खेळाडूच खेळतात. त्या वेळी प्रशिक्षकाच्या हाती नेमके काय असते? (महाविद्यालयीन संघातील एक खेळाडू, पुणे)

उत्तर : कोण खेळेल, किती वेळ खेळेल आणि कोणाला कोणी अडवायचे, हे तीन निर्णय मुख्यतः त्याच्या हाती असतात. २०१५ च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध २-१ असे मागे होते. प्रशिक्षक म्हणून स्टीव्ह केर यांचे, म्हणजे १९९७ चा तो शॉट घालणाऱ्या केरचेच, ते पहिलेच वर्ष. निक यूरेन या त्यांच्या तरुण सहायकाने आदल्या वर्षीच्या अंतिम फेरीचे चित्रण पाहिले. त्यात सॅन अँटोनियोने मध्येच बोरिस डिआवला सुरुवातीच्या पाचांत घेतले होते. त्यावरून त्याने सुचवले की सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वडाला याला सुरुवातीपासून खेळवावे. केर यांनी सूचना उचलली, सामन्यापूर्वी पत्रकारांना मात्र संघ तोच राहील असे सांगितले, आणि आपण खोटे बोललो हे नंतर मान्य केले. वॉरियर्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले. जेम्सला अडवण्याची मुख्य जबाबदारी पेलणारा इग्वडाला अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कारकिर्दीत तोवर प्रत्येक साखळी सामना सुरुवातीपासून खेळलेल्या या खेळाडूला केर यांनी त्या हंगामात राखीव म्हणून बसण्यास राजी केले होते. तेव्हा विजेतेपदाचे खरे काम ऑक्टोबरमधल्या त्या संभाषणातच झाले होते असे म्हणता येईल.

निर्णय योग्य असूनही फसू शकतो, हेही खेळाडू म्हणून तुम्ही ध्यानात ठेवावे. २०१३ च्या सहाव्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत आघाडी सांभाळताना ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकनला बाहेर बसवले, कारण तीन गुणांच्या शॉटसाठी धावणाऱ्या मायामीच्या खेळाडूंचा पाठलाग करण्यास चपळ माणसे हवी होती. विचार पक्का होता. शॉट चुकला, डंकन नसल्यामुळे रिबाउंड बॉशला मिळाला, आणि कोपऱ्यातून रे अ‍ॅलनने ५.२ सेकंद उरले असताना तीन गुण घेऊन बरोबरी साधली. सॅन अँटोनियो तो सामना आणि नंतर विजेतेपदही गमावून बसले. डंकन पोपोविच यांच्यावर नाराज होऊन गेला नाही. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून त्याच मायामीला ४-१ असे हरवले.

प्रश्न : सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आहेत, म्हणून आम्ही त्या संघाकडे आपुलकीने पाहतो. तेथे प्रशिक्षक वारंवार बदलतात, याचा परिणाम होतो का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : होतो. रणदिवे यांनी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आपला संघ मुंबईत आणून इंडियाना पेसर्सबरोबर दोन सामने खेळवले, याचे अप्रूप आम्हालाही आहे. पण प्रशिक्षकांच्या बाबतीत त्यांच्या व्यवस्थापनाने धीर धरला नाही असेच म्हणावे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये डीमार्कस कझिन्स आजारी असताना संघ घसरला आणि ११ विजय, १३ पराभव अशा स्थितीत मायकेल मलोन यांना काढण्यात आले. त्याच हंगामात आणखी दोघे प्रशिक्षक झाले. मलोन २०१५ मध्ये डेन्व्हरला गेले. तेथे निकोला योकिच नावाचा, नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ४१ व्या क्रमांकावर घेतलेला सेंटर त्याच वर्षी दाखल झाला होता. डिसेंबर २०१६ मध्ये मलोन यांनी त्याच्याभोवती सारे आक्रमण उभारायचे ठरवले आणि सेंटरच्या हातून चाली घडू लागल्या. २०२३ मध्ये डेन्व्हरने आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी किंग्ज माइक ब्राउन यांच्या हाताखाली २००६ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पोहोचले आणि ब्राउन एकमताने वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही घरचा रस्ता दाखवण्यात आला.

अर्थात धीर सुटणे ही एकट्या सॅक्रामेंटोची गोष्ट नव्हे. २०२५ च्या एप्रिलमध्ये साखळीचे तीन सामने उरले असताना डेन्व्हरनेही मलोन यांना काढले. सहायक डेव्हिड अ‍ॅडेलमन यांनी सूत्रे घेतली, आणि योकिचच्या त्याच संघाने पहिली फेरी जिंकून दुसऱ्या फेरीत त्या वर्षीच्या विजेत्या ओक्लाहोमा सिटीला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले.